माती, मूर्ती आणि सागर

पोलोग्राउंडच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्या आम्हा इंदूरकर मराठी मंडळींना सागराची चिंता परकी वाटते. वास्तविक आमच्या कान्ह नदीचे पाणी क्षिप्रा, चंबळ, यमुना आणि गंगा या मार्गाने बंगालच्या उपसागराकडेच जाते. या नात्याची जाणीव कलेइतकी सहज दुसरे कोण करून देणार?

१८९३ पासून लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, तेव्हा मूर्ती मातीच्या असत. पुढे हलके व स्वस्त म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस आले. ते पाण्यात सहजी विरघळत नाही. रंगांतील विषारी द्रव्ये मात्र पाण्यात उतरतात. मुंबईच्या चौपाट्यांवर विसर्जनानंतर मूर्तींचे भग्न अवयव परत येऊ लागले. अखेर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्तींना मनाई केली.

परंतु नियम जे सांगतो, ते कला दाखवते. पूर्व किनाऱ्यावर पुरी येथे सुदर्शन पट्टनायक (पद्मश्री, २०१४) वाळूत सागरी कासवे आणि प्लास्टिकचा विळखा साकारतात. लाट येते, शिल्प विरते, मागे कचरा उरत नाही. शाडूच्या मूर्तीचाही हाच धर्म होय.

अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या काढण्याची आमच्या शहराची परंपरा सुमारे शतकाची आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी कामगारांनी झाँकी सोडली नाही. अशाच एखाद्या झाँकीत कान्हेचा सागरापर्यंतचा प्रवास दिसावा, आणि आमच्या घरी मातीचाच गणपती यावा.