जुन्या छायाचित्रांतील दांपत्यें व त्यांच्या हातांतील वस्तू

महोत्सवाच्या या पुस्तकाकरितां आम्हीं धर्मग्रामांतील कुटुंबांकडे जुनीं छायाचित्रें मागितलीं, तेव्हां एका घरांतून पणजोबा-पणजींचें चित्र आलें. पणजोबा खुर्चीवर बसलेले. पणजी लुगडें नेसून, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या. मागें संगमरवरी खांब व झुलता पडदा. आणि पणजींच्या दुसऱ्या हातांत एक जाड पुस्तक. "फादर, आमचें घराणें केवढें श्रीमंत व शिकलेलें होतें पाहा," असें पणतू अभिमानानें म्हणाला. आम्हीं लग्नाची नोंदवही उघडून पाहिली. वधूच्या सहीच्या जागीं फुली होती.

तर मग तें पुस्तक आलें कोठून?

इ. स. १८३९ मध्यें पॅरिस येथें दागेर याची छायाचित्रणाची कृति जाहीर झाली. आरंभीं चित्र उमटण्यास इतका वेळ लागे कीं, बसणारास कधीं कधीं मिनिटभराहूनहि अधिक निश्चल राहावें लागे. मान हलूं नये म्हणून डोक्यामागें लोखंडी आधार लावीत. खुर्ची, मेज व खांब यांचें पहिलें काम टेकू देण्याचें. अर्थ पुष्कळसा मागाहून चिकटला. त्या चित्रांत कोणी हंसतांना दिसत नाहीं याचेंहि एक कारण हेंच. आपले पूर्वज कांहीं सदा खिन्न नव्हते.

१८५४ सालीं पॅरिसच्याच दिस्देरी यानें एका कांचेवर अनेक लहान चित्रें घेण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें व चित्र स्वस्त झालें. १८६० सालीं मेयॉल यानें व्हिक्टोरिया राणी व प्रिन्स आल्बर्ट यांचीं तशीं चित्रें काढलीं, तेव्हां तर सामान्य कुटुंबासहि आल्बम हवासा वाटूं लागला. कारकुनासहि दरबारी थाटांत दिसण्याची हौस. म्हणून स्टुडिओवाल्यांनीं व्हॅन डाइकसारख्या राजदरबारच्या चित्रकारांचे खांब व पडदे उचलले. खांब बहुधा लांकडाचा अथवा कागदाच्या लगद्याचा, आणि उभा गालिच्यावर! असा खांब कोणत्या गवंड्यानें उभारला असेल?

हातांतील वस्तूंची परंपरा याहून जुनी. लंडनच्या नॅशनल गॅलरींत यान व्हान आयक याचें १४३४ सालचें एका दांपत्याचें चित्र आहे. त्यांत पायांशीं कुत्रा, झुंबरांत एकच जळती मेणबत्ती, भिंतीवर स्फटिकाची माळ व लांकडांत कोरलेली संत मार्गारेट आहे. कुत्रा म्हणजे निष्ठा, असा अर्थ कित्येक पंडित लावितात. कित्येक तो नाकारतात. कॅमेऱ्यापुढें कुत्रा स्थिर बसेना. पुस्तक, फूल व जपमाळ मात्र मुकाट राहत.

मुंबईंत १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी व हरिश्चंद्र चिंतामण हे तेथील आरंभींचे देशी छायाचित्रकार. विलायती खुर्ची-पडद्यांचा सरंजाम इकडेहि आला. आमच्याकडे आलेल्या तीन निरनिराळ्या कुटुंबांच्या चित्रांत कोपरा फुटलेलें तेंच मेज व तेंच जाड पुस्तक आहे. तें स्टुडिओचें होतें.

हें ऐकून पणतू हिरमुसला. तथापि यांत लबाडी होती असें आम्हांस वाटत नाहीं. सणाच्या दिवशीं उसना दागिना घालणारीस कोणी खोटी म्हणत नाहीं. शिवाय भिंगांतून पाहतां पुस्तकावर गुंडाळलेली जपमाळ दिसली. तिचा क्रूस एका बाजूस मोडलेला. "ती आमच्या घरीं आहे," पणतू एकदम म्हणाला.

बहुतेक चित्रांच्या पाठी कोऱ्या आहेत. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें लिहून ठेवण्याचा नियम घातला, म्हणून नांवें आमच्यापाशीं आहेत. मुखें तुमच्या पेट्यांत आहेत. ज्यांची ओळख पटली नाहीं, तीं जोडपीं पुढील पानावर छापलीं आहेत. कोणास ओळखूं आल्यास त्यांनीं रविवारीं मिस्सेनंतर आमच्याकडे यावें. नोंदवही उघडूनच ठेवूं.