विकलेला माल परत घेतला जाणार नाही

आज राजाराणीचा नाही, एका वाक्याचा इतिहास सांगणार आहे. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ते छापलेलं असतं: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

आमच्या अंबडमधली एक ताई लग्नाबारशाचे फोटो काढते. नवऱ्याचं एमआयडीसीतलं काम सुटलं, तेव्हापासून घर त्यावरच चालतं. गटातून कर्ज काढून तिने नाशिकच्या एका दुकानातून कॅमेऱ्याची नवी लेन्स घेतली. पहिल्याच हळदीच्या फोटोंत नवरी स्पष्ट आली, पण उजवीकडे उभ्या करवल्या सगळ्या धूसर. आपलाच हात हलला असेल असं तिला वाटलं. मग तिने भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, कॅमेरा स्टँडवर बसवला, एक फोटो जुन्या लेन्सने काढला आणि एक नव्या. जुनीच्या फोटोत चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचता येत होती. नवीच्या फोटोत उजवीकडची वाचता येईनात. म्हणजे दोष लेन्समध्येच होता.

दुकानदाराने ते फोटो बघितलेसुद्धा नाहीत. त्या छापील ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “ताई, वाचून घ्यायचं ना!” ती गुपचूप घरी आली. छापलंय म्हणजे कायदाच असणार, असं तिला वाटलं. आपल्या सगळ्यांनाच तसं वाटतं.

खरा कायदा काय होता ते बघू. इंग्रजांच्या काळात, १९३० साली, माल विक्रीचा कायदा झाला. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं, हा त्यातला मूळ विचार. पण त्याला अपवादही होते. त्याच वस्तूंचा धंदा करणाऱ्याला आपण कशासाठी हवं ते सांगितलं आणि त्याच्या भरवशावर घेतलं, तर वस्तू त्या कामाची निघायला हवी, असं त्यातही लिहिलं होतं. म्हणजे दुकानदार अगदीच मोकळा नव्हता. अडचण वेगळीच होती. दाद मागायची तर दिवाणी कोर्ट, वकील आणि तारखा. भेसळीच्या पावशेर तेलासाठी कोण कोर्टात जाणार?

तिथे बायका पुढे आल्या. १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी मिळून एक ग्राहक संस्था काढली, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. देशातली अशी ती पहिलीच मानली जाते. वस्तू तपासायच्या, तक्रारी घ्यायच्या आणि उत्पादकाला जाब विचारायचा, हे त्यांचं काम.

पुढे १९७२चा दुष्काळ आला. आपल्या आज्यांना तो सुकडीमुळे आणि खडी फोडण्याच्या कामामुळे आठवतो. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा निरनिराळ्या पक्षांच्या बायका महागाईविरुद्ध एकत्र आल्या आणि लाटणं हातात घेऊन मोर्चे निघाले. तो लढा भावाचा होता, सदोष मालाचा नव्हता, हे खरं. पण दुकानात निमूट पैसे मोजणारी बाई जाब विचारू शकते, हे महाराष्ट्राने तेव्हा रस्त्यावर पाहिलं.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत झाली. गायक-संगीतकार सुधीर फडकेही या कामात त्यांच्याबरोबर होते. मुंबईच्या पंचायतीची रीत आपल्या बचत गटासारखीच. शेजारपाजारच्या काही घरांनी एक गट करायचा, महिन्याच्या सामानाची मागणी एकत्र नोंदवायची, घाऊक माल आला की आपापसात वाटून घ्यायचा. घाऊक व्यापाऱ्यापुढे मग एकटी गिऱ्हाईक उभी नसते, शेकडो घरं असतात.

या सगळ्या रेट्यातून २४ डिसेंबर १९८६ला ग्राहक संरक्षण कायदा आला. जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच झाले आणि वकिलाशिवाय स्वतः बोलायची सोय झाली. पण त्यात एक मेख होती. धंद्यासाठी माल घेणारा ‘ग्राहक’ धरला जात नव्हता. मग शिलाई मशीन घेणारी बाई कोण? आमची फोटोवाली ताई कोण?

१९९३ साली कायद्यात खुलासा घातला गेला: स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्याची धरायची नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो समजावून सांगितला. प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या कारखान्याने कोइमतूरच्या एका संस्थेकडून लाखोंचं यंत्र घेतलं होतं आणि त्याबद्दल तक्रार केली होती. राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती काढून घेतली आणि सर्वोच्च न्यायालयातही कारखाना हरला, कारण धंदा मोठा होता. पण निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं, की स्वतः चालवून पोट भरायला रिक्षा घेणारा, स्वतः काम करायला लेथ मशीन घेणारा हे ग्राहकच. एमआयडीसीच्या अंगणात राहणाऱ्या आपल्याला लेथ काय ते वेगळं सांगायला नको. हरलेल्या खटल्यातून आपल्यासारख्यांची वाट मोकळी झाली, याची मला गंमत वाटते.

आणि ते बिलावरचं वाक्य? १९९९ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने राज्यांना कळवलं, की असं छापणं योग्य नाही. २०१९च्या नव्या कायद्याने ते पक्कं केलं. तो २० जुलै २०२०पासून लागू आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही आता अनुचित व्यापारी प्रथा. बिलावर मुदत दिली असेल तर तेवढ्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत माल परत न्यायचा. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. मात्र रंग आवडला नाही, नणंदेला पसंत पडलं नाही, यासाठी हा कायदा नाही. वस्तूत दोष हवा. आणि आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही.

ताईला हे कळलं तेव्हा अठरावा दिवस होता. तिने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. वर्तमानपत्राचे दोन्ही फोटो आणि बिलाची झेरॉक्स जोडून दुकानाला पोस्टाने रजिस्टर पत्र पाठवलं. आयोगापर्यंत जावं लागलं नाही. तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. तिने दुसरी लेन्स दुकानातच कॅमेऱ्याला लावली, समोरच्या पाटीचा फोटो काढला, चारही कोपरे मोठे करून बघितले आणि मगच पिशवीत टाकली. मधल्या काळात एक लग्न हातचं गेलं, ते गेलंच. त्याची भरपाई मागायची हिंमत तिला झाली नाही.

नव्या लेन्सचं बिल तिने मला दाखवलं. खाली तेच वाक्य अजून छापलेलं आहे.