रुपयामागे चार पै

लोणी काळभोरच्या शाळेचा जुना हिशेब शोधायला निघाले, की आधी हाती लागतो तो दुसऱ्याच लोणीचा कागद. डॉ. थॉमस कोट्स यांनी ‘लोणी’ गावचा शेती-माणसांसह सगळा वृत्तान्त लिहिला. तो १८२० साली मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचला गेला आणि १८२३ च्या खंडात छापून आला. पण ते लोणी म्हणजे नगर रस्त्यावरचे लोणीकंद. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी करून १९६० साली पुस्तक काढले. तालुका हवेलीच, गाव मात्र वेगळे. म्हणून कोट्स बाजूला ठेवायचा आणि सोलापूर रस्त्यावरच्या लोणीला खरोखर लागू पडणारे कागद घ्यायचे.

त्यातला पहिला म्हणजे मुंबई इलाख्याचा १८६९ चा लोकल फंड कायदा. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी घ्यायची आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाला द्यायचा, अशी ती व्यवस्था. आण्याचे पै बारा. म्हणजे कुणब्याने भरलेल्या रुपयामागे शाळेच्या वाट्याला चार पै. बाकीचा पैसा मुख्यतः रस्ते आणि तशाच स्थानिक कामांचा. कोणत्या कामाला किती, हे इथे गावात कोणी काही बोलण्याआधीच ठरून गेलेले आहे. पुढचे कागद वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

दुसरा कागद १९ ऑक्टोबर १८८२ चा. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी दिलेले हे निवेदन. सहीखाली त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. लोणीच्या अलीकडे, पुण्याच्या बाजूला असलेल्या मांजरीत त्यांची शेती होती. या पट्ट्यातल्या कुणब्याच्या घरात पोराला गुरांमागे का धाडतात, हे त्यांना दुसऱ्याकडून ऐकायची गरज नव्हती. निवेदनाचा गाभा जमाखर्चाचा आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. मग मागण्या: बाराव्या वर्षापर्यंत तरी शिक्षण सक्तीचे, गरिबांच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे, शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात पंधरा किंवा वीस.

याच निवेदनात एक परिच्छेद आहे, ज्याकडे मला अधिक लक्ष द्यावेसे वाटते. शाळांचा पैसा कोणाच्या हाती असावा? फुले म्हणतात, साधारणपणे शिक्षण खात्याच्या संचालकाच्या. स्थानिक समितीवर शिकलेली, जाणती माणसे नेमली तर कलेक्टर किंवा संचालकाच्या देखरेखीखाली पैसा तिच्याकडे द्यायला हरकत नाही; पण सध्या तिथे बसलेल्या पाटील, इनामदार, सरदारांना या पैशावर डोळसपणे लक्ष ठेवता येणार नाही. रयतेचा सर्वांत मोठा कैवारी स्थानिक समितीवर विश्वास टाकत नाही, कारण त्या समितीत शिकलेली, जाणती माणसे नाहीत.

पुढची ऐंशी वर्षे थोडक्यात सांगता येतात. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे गेल्या, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. पगार सरकारी तिजोरीतून, इमारत जिल्हा परिषदेची.

शाळेतल्या जेवणाचा खर्च मात्र शाळेने ठरवला नाही आणि जिल्हा परिषदेनेही नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची शालेय आहाराची योजना सुरू झाली. जिथे अन्न शिजत नव्हते तिथे ऐंशी टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो धान्य मिळे. महाराष्ट्रात तो तांदूळ होता आणि मूल तो घरी नेई. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने अन्नाच्या हक्कासाठी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला हुकूम दिला: शिजवलेलेच अन्न, किमान तीनशे कॅलरी, आठ ते बारा ग्रॅम प्रथिने, वर्षात किमान दोनशे दिवस. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने स्वयंपाकाचा खर्च मुलांकडून वसूल करायला मनाई केली आणि स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यायला सांगितले. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी, पाच ग्रॅम तेल. चव नोंदवहीत शिक्षकाची सही, साठा नोंदवहीत तांदळाचा हिशेब.

‘खिचडीवर पैसा घालवण्यापेक्षा संगणक द्या’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. कागद पाहिले तर त्याला आधार नाही. आहाराचे शीर्ष वेगळे, संगणकाचे वेगळे. मुख्याध्यापकाला डाळीचा एक रुपयाही प्रोजेक्टरकडे वळवता येत नाही. निवड होते ती फक्त संयुक्त शाळा अनुदानात. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेच्या २०१८ च्या आराखड्यात ते पटावर ठरते: १०१ ते २५० मुलांच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपये, हजाराच्या वर पट असेल तर एक लाख. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला. अडीचशे पटाच्या शाळेकडे उरतात ४५,०००. मुलामागे वर्षाला १८० रुपये. यात वीजबिल, इंटरनेट, पाणी, खडू, मोडक्या वस्तूंची दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य. शेजारी आहाराचा आकडा ठेवून पाहा. मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका ताटाचा साहित्यखर्च ६.७८ रुपये, धान्य वेगळे. दोनशे दिवसांचे होतात १,३५६. आणि त्याच समग्र शिक्षेत वरच्या वर्गांसाठी संगणक प्रयोगशाळा मंजूर झाली तर एकरकमी ६.४० लाखांपर्यंत, म्हणजे ५०,००० च्या अनुदानाच्या बारापटीहून अधिक.

म्हणून शाळेच्या कपाटातल्या वह्या एकट्या वाचू नयेत. जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणक एकदाच चढतो आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतो. तो चालू आहे की नाही हे कळते रोखवहीतल्या वीजबिलावरून. देणगीतून, लोकसहभागातून आलेल्या यंत्राचेही तसेच. यंत्राचा दाता मिळतो, बिलाचा मिळत नाही. मला विचाराल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत यंत्र स्वीकारण्याच्या ठरावाआधी त्याचे बिल कोणत्या रकमेतून भरायचे हा ठराव झाला पाहिजे.

फुल्यांच्या काळापासून समिती बदलली, हे मात्र खरे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया आणल्या, शाळा विकास आराखडा करण्याचे आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेखीचे काम तिला दिले. पाटील-इनामदारांच्या जागी हजेरीपटावरच्या मुलांच्या आया बसल्या. फुल्यांची अट शिकलेल्या, जाणत्या माणसांची होती; कायद्याने बदलले ते समितीवर कोण बसते एवढेच. लोणी काळभोरच्या जिल्हा परिषद शाळेच्या समितीला अधिकार आहेत ते याच कायद्याचे, आणि मोकळी रक्कम तीच, पटावर ठरणारी.

अलीकडचा एक निर्णय या संदर्भात वाचण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने त्याचा वेगळा निधी काढून घेतला आणि शाळांना हवे तर लोकसहभागातून अंडी द्यावीत असे सुचवले. ज्या समितीला डाळीचा ग्रॅम ठरवता येत नाही, तिच्याकडे अंड्याची वर्गणी गोळा करण्याचे काम आले.