जुने राखावे की नवे करावे?



जुन्या वास्तूंचा विषय निघाला की आपल्या तोंडी प्रथम येतो तो 'जीर्णोद्धार' हा शब्द. शब्द आपला आहे, जुना आहे आणि त्यामागची भावनाही थोर आहे. पडके देऊळ उभे करणे हे नवे बांधण्याहूनही अधिक पुण्याचे, अशी आपल्याकडील समजूत. 'मयमता'सारख्या शिल्पग्रंथात जीर्णोद्धारावर स्वतंत्र अध्याय आहे. आपल्या जिल्ह्यातील वेरूळचे घृष्णेश्वराचे देऊळ पाहा. आज आपण पाहतो ते तांबड्या दगडाचे देऊळ अठराव्या शतकात होळकर घराण्याच्या आश्रयाने उभे राहिले. आधीचे देऊळ कसे होते, त्याचा कोणता भाग जसाच्या तसा ठेवावा, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नाही. पडण्याचे कारणही नव्हते. देव जागता राहिला, पूजा चालू राहिली, म्हणजे काम झाले.

'संरक्षण' ही कल्पना निराळी आहे. तिच्या दृष्टीने जुनी वास्तू हा एक दस्तऐवज आहे. जुन्या कागदावरची शाई पुसट झाली म्हणून कोणी तीवर नवी अक्षरे गिरवीत नाही. गिरवली तर कागद उठून दिसेल, पण पुरावा म्हणून त्याची किंमत उरणार नाही. दगडाचेही तसेच आहे.

या विचाराचा मोठा वाद एकोणिसाव्या शतकात युरोपात झाला. फ्रान्समधील व्हिओले-ल-द्युक या वास्तुशास्त्रज्ञाचे म्हणणे असे की, वास्तू अशी पूर्ण करावी की जशी ती कदाचित कधीच नसेल, पण असावयास हवी होती. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने १८४९ साली याच्या नेमकी उलट भूमिका मांडली. असा पुनरुद्धार म्हणजे वास्तूचा नाशच होय. तिची रोज काळजी घ्या, म्हणजे पुनरुद्धाराची पाळीच येणार नाही, असे तो सांगे. विल्यम मॉरिसने १८७७ साली याच मतासाठी एक संस्था काढली. पुढे १९६४ साली व्हेनिस येथे जमलेल्या तज्ज्ञांनी जी सनद केली, तिच्यात रस्किनच्या बाजूचे बरेच काही आले. जेथे तर्क सुरू होतो तेथे दुरुस्ती थांबली पाहिजे, हे त्या सनदेचे सूत्र.

हिंदुस्थानात पुरातत्त्वाचे सरकारी काम १८६१ साली कनिंगहॅमच्या नेमणुकीने सुरू झाले. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत १९०४ साली प्राचीन स्मारकांचा कायदा झाला आणि १९२३ साली सर जॉन मार्शल यांनी दुरुस्तीच्या कामाचे नियमपुस्तक प्रसिद्ध केले. परंतु आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे १९१४ साली स्वतंत्र पुरातत्त्व खाते निघाले आणि गुलाम याजदानी हे त्याचे प्रमुख झाले. अजिंठ्याची जबाबदारी या खात्याकडे आली. अजिंठ्याची हकीकत मी जरा विस्ताराने सांगतो, कारण या शास्त्राचे सगळे धडे तिच्यात आहेत.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने त्या दरीत आला आणि दहाव्या लेण्यात शिरला. तेथील खांबावरील चित्रावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. म्हणजे ज्याच्यामुळे जगाला लेणी कळली, त्याच्याच हातून पहिली इजा झाली. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्म झाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून तेथे राबले. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. नकलेच्या भरवशावर मुळाकडे दुर्लक्ष करता येत नाही, हा त्यातला पहिला धडा.

मुळाचे हाल वेगळेच होते. तेथील चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. कातळावर माती, भाताचे तूस व गवत यांचा गिलावा, त्यावर पातळ चुन्याचा हात आणि कोरड्या पृष्ठावर डिंकासारख्या पदार्थात कालवलेले रंग, अशी ती रचना. गिलावा कातळ सोडू लागला होता. कीटकांनीही तो पोखरला होता. म्हणून १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी व ओर्सिनी हे दोन इटालियन कारागीर आणविले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा कातळाला बसविला, कडा बांधून घेतल्या आणि चित्रांवर लाखेचे रोगण दिले. त्यांच्या हातांनी पुष्कळ चित्रे कोसळण्यापासून वाचली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण लाखेचे रोगण काळाने पिवळे पडते, मग तपकिरी होते, धूळ धरून ठेवते. जे रक्षण म्हणून लावले, त्याचाच पडदा झाला. पुढच्या पिढ्यांतील रसायनतज्ज्ञांना तो थर इंचाइंचाने उतरविण्याचे काम लागले.

आपल्या भागातील मोसंबीवाल्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. रोग पाहून औषध, आणि औषध देताना त्याचे पुढे काय होईल याचा विचार, हे बागेला लागू तसेच भिंतीला लागू. फरक इतकाच की बाग गेली तर नवी लावता येते. म्हणून आज असा नियम मानतात की, केलेला उपाय उद्या चुकीचा ठरला तर मूळ वस्तूला धक्का न लागता काढून टाकता आला पाहिजे.

आणि जुन्या कारागिरांकडून शिकण्यासारखे अजून पुष्कळ आहे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत आणि तेथे कीड लागलेली आढळत नाही, असे मॅनेजर सिंग व आपल्या मराठवाडा विद्यापीठातील सरदेसाई या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले.

आता कोणी म्हणेल, ही अजिंठा-वेरूळची मोठी बात झाली; आमच्या गावच्या वेशीशी, बारवेशी, देवळाशी तिचा काय संबंध? संबंध तेथेच अधिक आहे. अजिंठ्याला १९५८ च्या केंद्रीय कायद्याचे छत्र आहे आणि २०१० च्या दुरुस्तीने अशा स्मारकांभोवती शंभर मीटरांत नव्या बांधकामाला मनाई आहे. गावोगावच्या बहुसंख्य बारवांना आणि गढ्यांना असले छत्र नाही. त्यांचा रखवालदार गावच.

आणि गाव प्रेमापोटीच घात करते. काळ्या दगडाच्या देवळाला भक्तीने ऑइलपेंट फासतात, फरशा बसवितात, दगडांच्या दरजा सिमेंटने भरतात. जुनी भिंत चुन्याची असते. घाणीत मळलेला चुना ओल आत घेतो तशी बाहेरही टाकतो. सिमेंट व ऑइलपेंट ती वाट बंद करतात. ओल आत कोंडते, लोणा लागतो आणि पाचदहा वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. पुण्य जोडण्याच्या हौसेने देवळाचे आयुष्य आपण तोडत असतो.

मग देऊळ वापरूच नये काय? तसे मुळीच नाही. चालत्या देवळाला संग्रहालय करणे हाही एक प्रकारचा नाशच. जपानमधील नारा येथे १९९४ साली जमलेल्या तज्ज्ञांनी मान्य केले की, अस्सलपणाची कसोटी प्रत्येक समाजाच्या परंपरेप्रमाणे ठरवावी लागते. २००४ साली आपल्याकडील 'इन्टॅक' या संस्थेच्या सनदेनेही जिवंत वास्तूत परंपरागत कारागिरांचे काम संरक्षणाचाच भाग मानले. तेव्हा जीर्णोद्धार व संरक्षण यांचे हाडवैर नाही. पाथरवट आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी हे दोन्ही पक्षांचे सोयरे आहेत.

माझे मागणे थोडे आहे. गावातील जुन्या वास्तूला हात लावण्यापूर्वी तिची मापे घ्या, छायाचित्रे काढा, शिलालेख असेल तर त्याचा ठसा जाणकाराकडून घेवून ठेवा. छतावरील झाड मुळे धरण्याआधी काढा, पावसाच्या पाण्याला वाट करून द्या. दरवर्षी एवढे केले, तर जीर्णोद्धाराच्या वर्गणीची वही काढण्याचा प्रसंग बहुधा येणारच नाही.