गावच्या चर्चची शाळा आणि हिंदी चित्रपटाचा वाद्यवृंद

गोव्यातील तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे तीन तालुके पोर्तुगीज अमलाच्या 'जुन्या काबिजादी' म्हणून ओळखले जातात. येथील ख्रिस्ती गावांतून चर्चच्या आवारात, वा त्याला लागूनच, एक लहानशी शाळा भरत असे. गावकरी तिला 'इश्कोल' म्हणत. खोली बहुधा एक आणि शिक्षकही एकच. शिक्षणाच्या इतिहासात या पॅरिश शाळांना फारसे स्थान मिळालेले नाही. मात्र मुंबईच्या चित्रपटसंगीताचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही.

अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकला. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये येथे आले आणि त्यानंतर थोड्याच काळात, १५४५ च्या सुमारास, प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा असावी हे धोरण ठरले, असे मानले जाते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतील मुलांना धर्मशिक्षण व अक्षरओळख द्यावी, हा तिचा उघड हेतू होता. संगीत त्यात आले ते कलेच्या प्रेमापोटी नव्हे, तर गरजेपोटी. लॅटिनमधील मिस्सा गायल्याशिवाय पुरी होत नसे आणि गाण्यासाठी वृंद लागे. तो बाहेरून आणणे शक्य नव्हते. गावातच घडवावा लागे. हे काम 'मेस्त्रे-कापेला' या चर्चच्या संगीतगुरूकडे असे. त्याचे मानधन गावकरी संस्था आणि कॉन्फ्रारिया, म्हणजे चर्चचे भक्तमंडळ, यांच्या उत्पन्नातून निघे. विद्यार्थ्याला शुल्क पडत नसे.

या मेस्त्रेची शिकवण्याची रीत पाहण्यासारखी होती. मुलाच्या हाती लगेच वाद्य दिले जात नसे. आधी 'सोल्फेज': पाच रेघांवरील स्वरलिपी डोळ्यांनी वाचायची, हाताने मात्रा मोजायच्या आणि 'दो, रे, मी' अशा स्वरनामांनी ती गायची. हा क्रम कित्येक महिने चाले. चुकले की मेस्त्रेची छडी होतीच. स्वरवाचन पक्के झाल्यावर रबेक, म्हणजे व्हायोलिन, हाती येई. पुढे रविवारची मिस्सा, चातुर्मासासारख्या पाळल्या जाणाऱ्या उपवासकाळातील मोतेत, घरोघरची लादाईन, गावचे फेस्त आणि अंत्ययात्रा, असा वर्षभराचा सराव आपोआप घडे. परिणामी पूर्वी कधीही न पाहिलेली स्वरलिपी समोर ठेवताच वाजवणारी मुले लहानशा खेड्यांतून तयार होऊ लागली. आपल्याकडे गुरुमुखातून गाणे उचलण्याची परंपरा थोर असली, तरी कागदावरून गाणे वाचण्याची ही विद्या तिच्यात नव्हती.

या शाळांचे कौतुक करताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा स्वीकारण्याचे फर्मान काढले, तेव्हा ती शिकवण्याची जबाबदारी धर्मगुरूंबरोबर शाळामास्तरांवरही टाकण्यात आली. ज्या खोलीत मुलाला स्वर मिळाले, त्याच खोलीत त्याची मातृभाषा हिरावण्याचा प्रयत्न झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या आणि पॅरिश शाळांकडे मुख्यतः धर्मशिक्षण व संगीत एवढेच उरले.

गोव्यात रोजगार तुटपुंजा. त्यामुळे ही विद्या ब्रिटिश हिंदुस्थानात गेली. संस्थानिकांचे बँड, मूकपटांची थिएटरे, मोठी हॉटेले यांना असे वादक हवेच होते. मुंबईत धोबी तलाव, माझगाव भागांतील 'कूड', म्हणजे गावागावांच्या नावाने चालणारी सामायिक निवासस्थाने, त्यांना आसरा देत.

बोलपटांचा काळ आला आणि वाद्यवृंद वाढत गेले. संगीतकार चाल पेटीवर बांधत. पण पन्नास-साठ वादकांनी ती एकत्र वाजवायची, तर ती लिहिलेली हवी. येथे गोव्याचा अरेंजर अपरिहार्य ठरला. बार्देशातील रेईश मागूशचे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवीत. पुढे शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागील व्हायोलिनांचे भरदार पूरक स्वर त्यांनीच लिहिले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले, सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'ला (१९५१) त्यांचा हात लागला होता. माजोर्डा येथे १९२७ मध्ये जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायकवृंदप्रमुखाचेच चिरंजीव. मुंबईत ते नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय रागसंगीत पाश्चात्त्य वाद्यवृंदात बांधणारा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील गाण्यात गुरूचे नाव गुंफले. देशभर ते नाव लोकांच्या तोंडी झाले, परंतु त्या नावाचा खरा माणूस होता हे फार थोड्यांना ठाऊक होते. इतर बहुतेकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. श्रेयनामावलीत अरेंजरचे नाव क्वचितच, वादकाचे तर नाहीच.

गंमत अशी की, गोव्याची दुसरी संगीतपरंपरा, मंगेशीसारख्या देवस्थानांच्या आश्रयाने वाढलेली, तीही त्याच रेकॉर्डिंग स्टुडिओत येऊन पोहोचली होती. मंगेशीच्या दीनानाथांची कन्या मायक्रोफोनसमोर उभी आणि मागे साष्टी-बार्देशचे व्हायोलिनवादक, हे दृश्य मुंबईत नित्याचे होते.

इश्कोलीची घडी मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विसकटली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर इंग्रजी शाळांकडे ओढा वाढला. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनची जागा कोकणीने घेतली. भाषेला उशिरा का होईना न्याय मिळाला, पण जुन्या वृंदगायनाची निकड संपली. १९८० च्या दशकात सिंथेसायझरने स्टुडिओतील व्हायोलिनांच्या रांगाही कमी केल्या. गोन्साल्विस अमेरिकेहून परतून माजोर्ड्यातच राहिले आणि जानेवारी २०१२ मध्ये निवर्तले.

आंतोनियो द फिगेरेदो यांनी १९५२ मध्ये पणजीत स्थापन केलेली संगीत अकादमी पुढे कला अकादमीत सामावली गेली. पाश्चात्त्य संगीताचे पद्धतशीर शिक्षण तेथे मिळते. त्यासाठी पणजी गाठावी लागते आणि शुल्क भरावे लागते. गावच्या इश्कोलीत या दोहोंची गरज पडत नसे.