झिजायचं कोणी?

मांडवगण फराट्यात स्पोर्ट्स कार किती, असं कुणी विचारलं तर मी गाडे मोजायला लागेन. केवळ पळण्यासाठी केलेली, ओझं वाहायच्या कामी न येणारी आणि घरच्या पोरांपेक्षा लाडाची गाडी म्हणजे शर्यतीचा गाडा. त्याच्या बैलांविषयी पुष्कळ बोललं जातं. खुराक, खांदा, वशिंड, शिंगं, सगळ्याची चर्चा होते. चाकाविषयी मात्र कुणी बोलत नाही.

मी चाकाकडचा माणूस. आयटीआय केलं, पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गावी परतलो. गोठ्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये आता दोन म्हातारे माझ्या ताब्यात आहेत: एक जुनी प्रीमियर पद्मिनी आणि थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, हौसेचा गाडा. दोघांचंही दुखणं एकच, चाक आणि गाडी यांच्या सांध्यात झीज. ही झीज घरच्या घरी काढायची रीत आमच्या टापूत कशी आली, तेवढंच इथं सांगतो.

भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधला आमचा मुलूख. घोडेच्या काठी, आमच्या शेजारीच इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या मंडळींनी 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगातलं अख्खं गाव उजेडात आणलं. तिथल्या एका रांजणावर बैल जुंपलेल्या गाडीचं चित्र आहे, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातलं. उत्तरेला प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये ब्राँझचा रथ सापडला. सुमारे 45 सेंटिमीटर लांबीच्या या रथाला दोन बैल आहेत, हाकणारा उभा आहे आणि दांडीवर चक्क कुत्रं आहे. त्याची चाकं भरीव, बिनआऱ्यांची. उभं राहून हाकायची ही गाडी धान्य वाहायला केलेली नसावी, असं मला तरी ती पाहून वाटतं. मिरवायची हौस आमच्या भागात जुनीच म्हणायची.

एवढा जुना वारसा म्हटल्यावर बैलगाडी इथं अखंड धावत आली असेल, असं वाटतं. तसं नाही. पेशवाईत आणि इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला देशावरचा माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून जायचा. लमाणांचे तांडे हीच तेव्हाची मालवाहतूक. गाडे होते, पण ते जड, भरीव चाकांचे, शिवारातल्या शिवारात फिरणारे. रस्ताच नव्हता, तर गाडी जाणार कुठं? बोरघाटाचा गाडीरस्ता 10 नोव्हेंबर 1830 रोजी गव्हर्नर माल्कमनं खुला केला आणि देशावरची गाडी कोकणात उतरू लागली. त्यानंतर 1836 च्या सुमारास सोलापूरकडच्या टेंभुर्णीत गेस्फर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली नव्या घडणीच्या हलक्या गाड्या तयार झाल्या, आणि ती घडण पुणे-सोलापूरकडं पसरली. पुढं 1858 मध्ये पुण्याहून दौंडमार्गे दिकसाळपर्यंत आगगाडी आली. आता नदीपलीकडच्या स्टेशनापर्यंत माल न्यायचा तर गाडी हवी, आणि ती रोज चालणारी हवी.

रोज चालणारी गाडी रोज झिजते. म्हणून माझ्या मते दुरुस्तीची विद्या रस्त्याच्या मागोमाग गावात आली. आठवड्यातून एकदा खताची खेप टाकणारा गाडा आणि रोज स्टेशन गाठणारी गाडी यांचा सुतार सारखा असून चालत नाही.

सुतार-लोहार होतेच. बारा बलुत्यांत दोघं पहिल्या ओळीतले. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ 1915 साली निघालं. त्यात बलुतेदारांचं काम आणि त्यांचा हक्क यांचा बारकाईनं हिशेब आहे. आमच्याकडं रीत अशी होती की लाकूड शेतकऱ्याचं आणि हात सुताराचा. मोबदला खळ्यावर धान्यात. त्यामुळं दुरुस्ती सुताराच्या दुकानात होत नसे, ती शेतकऱ्याच्या अंगणात व्हायची. मालक शेजारी बसायचा, पोरं हत्यारं द्यायची. आमच्यातल्या कित्येकांचं पहिलं वर्कशॉप हे असं घरचंच.

गाडीचं चाक म्हणजे बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. तुंब्याच्या मधून आख जातो. लाकडाचा तुंबा लोखंडी आखावर थेट फिरला तर एका हंगामात भोक वाकडं होईल, म्हणून मध्ये लोखंडी बूश बसवायचं आणि आत वंगण भरायचं. झिजायचं ते बुशानं आणि वंगणानं. तुंबा आणि आख यांनी टिकायचं. सगळ्या घडणीचं मर्म मला इथं दिसतं. कारागिरानं झीज थांबवली नाही, ती कुणाच्या वाट्याला द्यायची हे ठरवलं, आणि वाट्याला दिली ती सगळ्यात स्वस्त, सगळ्यात लवकर निघणाऱ्या भागाच्या.

उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि धाव खडखडते. तात्पुरता इलाज म्हणून चाकं पाण्यात टाकून ठेवायची. लाकूड फुगलं की धाव बसते. कायमचा इलाज लोहाराकडं. धाव कापून तिचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी करायचा, तोंडं जोडायची, मग जमिनीवर गोल गोवऱ्या रचून तिला लालबुंद तापवायची. तापून फुगलेली धाव सांडशांनी उचलून चाकावर बसवली, की घणाचे चार ठोके आणि लगेच पाणी. निवताना धाव आकसते आणि आरे तुंब्यात आणखी घट्ट दाबले जातात. इथं खिळ्याचं काम नाही. सगळा जोर लोखंडाच्या आकसण्याचा.

शर्यतीच्या गाड्याला यातलं काहीच चुकत नाही, उलट सगळं लवकर होतं. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावेवर, गाडा पळतो तो काही सेकंदांचाच, पण त्या काही सेकंदांत चाक दगडावरून उडतं आणि पुन्हा आदळतं. बैलगाडीला कमान नाही, स्प्रिंग नाही. हादरा थेट आखावर, तुंब्यावर आणि जुवातून बैलांच्या खांद्यावर जातो. अण्णा यात्रेच्या आधी गाडा शिपायावर, म्हणजे लाकडी टेकूवर, ठेवून चाक वर-खाली धरून हलवायचे. कट्ट वाजलं की म्हणायचे, “पोरा, बूश बोलायला लागलंय. काढ त्याला.” निमगाव दावडीच्या खंडोबाच्या घाटात गाडा न्यायचा, तर बैलांच्या आधी चाकाची तालीम व्हायची.

सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालानं शर्यती बंद झाल्या. बैलांचं काय झालं, हे सगळ्यांनी लिहिलं. गाड्यांचं काय झालं, ते मी शेडमध्ये पाहिलं: पुठ्ठे उघडले, धावा गळाल्या, वंगण वाळून खडा झालं. न्यायालयानं 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना पुन्हा वाट दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. बैल तयार करणारे लगेच मिळाले. चाक भरणारा सुतार शोधायला मात्र वणवण झाली.

हादरा पेलण्याची खरी सोय आमच्याकडं आली ती कमानपाट्यातून. लंडनच्या ओबडाया इलियटनं 1804 मध्ये घोडागाडीखाली पोलादी कमानी बसवल्या. तीच युक्ती टांग्यांतून पुण्यात दिसू लागली. शेतकऱ्याच्या अंगणात ती पोचली जीपबरोबर. महिंद्रांनी 1947 च्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तिच्या चारही चाकांवर कमानपाटे होते. आमच्या भागात रस्ते नीट झाले ते 1972 च्या दुष्काळात, खडी फोडणाऱ्या आणि सुकडी खाणाऱ्या माणसांच्या हातांनी. पुढं ऊस वाढला, न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना उभा राहिला आणि रस्त्यावर जीप, टेम्पो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टायरगाड्या दिसू लागल्या. पाटे तुटायला लागले, आणि लोहाराला नवं काम मिळालं. ताव देऊन, ठोकून पाट्याला पुन्हा कमान द्यायची. अगदीच मोडलेल्या पाट्याचा कोयता व्हायचा. गाडीखाली हादरे खाल्लेलं पोलाद पुढं उसाच्या फडात राबायचं.

माझ्या पद्मिनीची कुळी मुंबईच्या कुर्ल्याची. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिथली फियाट 1100 देशात शर्यतीच्या धावपट्टीवरही पळाली. तिचाच पुढचा अवतार 1974 पासून पद्मिनी झाला. हिला पुढं गुंडाळी स्प्रिंग, मागं कमानपाटे. पुढच्या चाकाचा किंगपिन झिजला की तपासणी अण्णांचीच: जॅक लावायचा, चाक वर-खाली धरून हलवायचं, कट्ट ऐकायचं. पिन आणि बूश दोन्ही सुटे मिळतात. नवं बूश ठोकून रीमर मारला की काम झालं. ग्रीस मात्र नेमानं भरायचं, ते चुकवलं की महिन्याची बचत वर्षाच्या खर्चात जाते.

मागच्या पाट्यांची रबरी बुशं मी याच उन्हाळ्यात बदलली. पुढच्या चाकांना उट्या, बॉडीखाली लाकडी ठोकळे, अॅक्सलखाली जॅक. गंजलेल्या यू-बोल्टांना रात्रभर डिझेल पाजलं, सकाळी रिंगपाना लावून सोडवलं. बुशं व्हाइसमध्ये दाबून बसवली. एक गोष्ट नव्या पोरांना मुद्दाम सांगतो: शॅकलचे नट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. आधी गाडी चाकांवर उतरवायची, वजन पाट्यांवर येऊ द्यायचं, मग आवळायचं. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकतं आणि लवकर फाटतं. पुतण्यानं विचारलं, “काका, गॅरेजवाला तर वरच आवळतो की!” म्हटलं, “बाबा, त्याला पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. आपल्याला गाडी वापरायची आहे.”

त्याच पुतण्याच्या नव्या गाडीचं पुढचं चाक वाजायला लागलं. गेलं होतं फक्त एक रबरी बूश. दुकानातून आला तो अख्खा लोअर आर्म, बूश आणि बॉल जॉइंटसकट. सुटं बूश मिळत नाही म्हणाले. मुठीत मावणाऱ्या रबरासाठी हातभर चांगलं पोलाद भंगारात गेलं. गाडी माझ्या पद्मिनीपेक्षा शंभर पटींनी आरामात चालते, हे मान्यच. खड्ड्यातही पोटातलं पाणी हलत नाही. पण झिजायचं कोणी आणि टिकायचं कोणी, ही वाटणी बाभळीच्या तुंब्यात सुतारानं केली होती, आणि तीच त्या आर्ममध्ये मोडली आहे. वाटणी मोडली की अंगणातली दुरुस्ती मोडते, आणि तिच्याबरोबर हत्यार देणाऱ्या पोराचं शिकणंही.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. बलुत्यात सुताराच्या कष्टाचं मोल किती वेळा नीट झालं, हे गावालाच ठाऊक आहे. पण घडणीचा तो एक नियम बलुत्याबरोबर टाकून द्यायचं कारण नाही. तेव्हा ट्रॅक्टर घ्या, पिकअप घ्या नाहीतर शहरातली भारीतली कार घ्या. मायलेज आणि हप्ता विचाराल तेव्हा विक्रेत्याला एक प्रश्न आणखी विचारा: झिजणारा भाग सुटा मिळतो का? पुरेशा लोकांनी विचारला, तर तो मिळू लागेल.