गच्चीवरचा वारा

"गच्चीवर काय भन्नाट वारा आहे!" हे आपण सगळेच म्हणतो. मग तिथे एक छोटी पवनचक्की लावली तर? हल्ली आमच्या नानाकाकांच्या डोक्यात ह्या कल्पनेने ठाण मांडलंय. पैसेही बाजूला काढून झालेत. म्हणून जरा तिचा इतिहास चाळला.

१९७६ साल. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये पूर्व ११व्या रस्त्यावरची ५१९ नंबरची पडीक इमारत रहिवाशांनी स्वतः घाम गाळून दुरुस्त केली आणि छतावर २ किलोवॅटची जुनी पवनचक्की चढवली. उरलेली वीज ग्रिडमध्ये जाऊ लागली. कॉन एडिसन ह्या बलाढ्य वीजकंपनीने हरकत घेतली. रहिवाशांच्या बाजूने उभे राहिले अमेरिकेचे माजी अ‍ॅटर्नी जनरल रॅम्झी क्लार्क! रहिवासी जिंकले. १९७८ मध्ये तर छोट्या उत्पादकांची वीज कंपन्यांनी विकत घ्यावी असा कायदाच अमेरिकेत झाला.

कंपनीला हरवता आलं... पण वाऱ्याशी खटला कसा लढणार?

२००७-०८ मध्ये ब्रिटनमधल्या 'वॉर्विक' चाचण्यांमध्ये इमारतींवरच्या २६ चक्क्या वर्षभर मोजल्या गेल्या. निकाल २००९ मध्ये आला: बंद असलेला काळ धरून, क्षमतेच्या सरासरी ०.८५ टक्के वीज! म्हणजे १ किलोवॅटच्या चक्कीतून वर्षाला जेमतेम ७५ युनिट. एका ठिकाणी तर चक्कीची यंत्रणाच तिने केलेल्या विजेपेक्षा जास्त वीज खात होती. उंच टॉवरवरच्या चक्क्या बऱ्या चालत, पण आवाजाच्या तक्रारींमुळे त्या बंद ठेवाव्या लागल्या.

असं का? वारा भिंतीवर आदळतो, वर उसळतो आणि छताच्या कडेपाशी इमारतीला सोडून देतो. छतावर उरतात ते भोवरे. ही ढवळाढवळ इमारतीच्या साधारण दुप्पट उंचीपर्यंत जाते आणि मागच्या बाजूला वीसपट अंतरापर्यंत. दोरीवरचे कपडे फडफडायला भोवरा पुरतो. चक्कीला मात्र एका दिशेचा, सलग वारा लागतो. नाहीतर तिचा वेळ तोंड फिरवण्यातच जातो, वर बेअरिंगं झिजतात ती वेगळीच. शिवाय वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात मिळते. वेग निम्मा झाला की वीज एक अष्टमांश!

म्हणून जुन्या जाणकारांचा ठोकताळा असा, की १५० मीटरच्या आत जे काही उंच असेल, त्याच्याही ९ मीटर वर चक्कीची पाती हवीत. शहरात हे कसं जमायचं? बहारीनच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरला २००८ मध्ये जमलं, कारण तिथे वारा मधल्या फटीत ओढला जाईल असाच दोन्ही मनोऱ्यांचा आकार ठेवला होता. तिथल्या ३ चक्क्यांचा व्यास प्रत्येकी २९ मीटर आहे. आपल्या बंगल्याला हा आकार कोण देणार?

गंमत म्हणजे, न्यूयॉर्कच्या त्या चक्कीने जो हक्क मिळवला, तसाच हक्क महाराष्ट्रात २०१५ च्या नेट मीटरिंगच्या नियमांनी गच्चीवरच्या सौर पॅनेलांना दिला. लढली पवनचक्की, फायदा उन्हाचा!

असो. नानाकाका, तुम्ही हे वाचणार हे ठाऊक आहे. तुमचा उत्साह मोडायचा नाही मला. फक्त आधी एक साधा वायुवेगमापक आणा, उंच काठीवर लावा आणि वर्षभर रोज वहीत आकडे लिहा. मग ती वही घेऊन बसू आपण दोघं, आणि ठरवू.